गल्लीपलीकडचे डोळे

वेल्डिंगच्या धंद्यात माझी उभी हयात गेली. भेटेल तो माणूस मला एकच गोष्ट विचारतो, "मिस्त्री, इतकी वर्षं त्या लखलखाटात पाहून तुमचे डोळे कसे हो शाबूत राहिले?" मी म्हणतो, बाबा, वेल्डरच्या डोळ्यांची काळजी करू नको. त्याच्या तोंडासमोर ढाल असते, ढालीत काळी काच असते, आणि काच फुटली तर तो काम थांबवून दुसरी बसवतो. विचारायचंच असेल तर असं विचार, की मिस्त्री, तुमच्या शेजाऱ्याचे डोळे कसे राहिले?

तेवढ्यासाठी असतो तो पडदा. बाहेरच्या माणसाला वाटतं, पडदा म्हणजे एक आडोसा, पत्रा लावा नाहीतर चादर लावा, झालं काम. मलाही तसंच वाटायचं. कुठला पडदा लावावा हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत मी एका माणसाची रोजीरोटी जवळजवळ बुडवली होती. आता हसून सांगतो, पण त्या वेळी जेवण गोड लागत नव्हतं.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली वेल्डिंग शिकलो आणि मेहकरला आलो. बाजारामागच्या गल्लीत एक जागा मिळाली. अर्धं पत्र्याचं छप्पर, अर्धं उघडं अंगण. तेलात बुडालेलं वेल्डिंगचं जुनं मशीन बैलगाडीतून आणलं, विजेची जोडणी घेतली, नारळ फोडला, कांडी लोखंडाला टेकवली आणि पहिला ठोका मारला. मारला तो मारला, अर्ध्या घटकेत गल्लीत माणसं मावेनात.

तोवर आमच्याकडं लोखंड जोडायचं म्हणजे लोहाराचा भाता आणि घण. विजेनं लोखंड जोडतात हे लोकांनी ऐकलं होतं, पाहिलेलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी तर मंडळी भाजीच्या पिशव्या घेऊन येत, अंगणाच्या कडेला उकिडवी बसत आणि म्हणत, "कर रे बाबा, कर एकडाव." मी ओरडायचो, "पाहू नका, डोये जातील!" त्यावर एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "जातीन त जातीन, सत्तर वर्सं झाली पाहून."

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेल्डिंगच्या उजेडात दिसणारी लख्ख ठिणगी असते आणि न दिसणारा एक तिखट उजेडही असतो. तो डोळ्यांना लागताना काही कळत नाही. माणूस हसतखेळत घरी जातो, भाकर खातो, आणि दिवेलागणीनंतर डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं होतं. पाणी वाहतं, पापणी उघडत नाही, दिव्याकडं पाहवत नाही. एक-दोन दिवसांनी उतरतं. पण रोज रोज लागत राहिलं, तर डोळा कामातून जातो.

मी पहिला पडदा केला तुराट्यांचा. आमच्याकडं शेताच्या झोपडीला कुड घालतात तसाच, तुरीच्या काड्या विणून. तो फुकट होता, घरचा होता आणि दिसायला झोकदार होता. दोन दिवसांत लोकांनी फटी शोधल्या. आधी माणसं मोकळी बसायची, आता फटीला डोळा लावून बसायला लागली. तिसऱ्या दिवशी ठिणगीनं कुडालाच धरलं. प्रेक्षकांनीच तो विझवला आणि जाताना म्हणाले, आजचा खेळ झकास झाला.

मग जिनिंगमधून बारदानं आणली आणि पाण्यात भिजवून टांगली. ओलं बारदान पेटत नाही, उजेडही अडवतं, ही माझी अक्कल. वऱ्हाडातल्या उन्हात ओलं बारदान किती वेळ ओलं राहणार? घटकाभरानं पुन्हा पाणी मारा. मारलेलं पाणी खाली गळायचं, खालची जमीन भिजायची, आणि ओल्या जमिनीवर उभं राहून विजेचं काम करणारा मी शहाणा! एकदा असा सणका बसला, की ढाल एकीकडं आणि मी एकीकडं. बायको कमला डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आवो, लोकायचे डोये वाचवता वाचवता माह्यंच कुंकू पुसान." बारदानं त्याच दिवशी उतरली.

आता सुखदेवकडं यायला हवं.

सुखदेव घड्याळं दुरुस्त करायचा. बीबी गावाकडच्या एका खेड्यातला, बौद्ध घरातला, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान. त्यानं मलकापुरात स्टेशनाजवळच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या हाताखाली काम शिकून घेतलं होतं. हात असा हलका, की केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी ती थरथरायची नाही. माझ्या अंगणाच्या बरोबर समोर, गल्लीच्या पलीकडं, एका किराणा दुकानाच्या ओट्यावर कोपऱ्यात त्याचं मेज होतं. मध्ये गल्ली पंधरा फुटांची.

तुम्ही म्हणाल, मग त्यानं तोंड फिरवून बसावं. तेच तर फिरवता येत नव्हतं. घड्याळजीला उजेड लागतो, तोही तळपत्या उन्हाचा नाही, समोरून येणारा थंड, एकसारखा. त्याच्या ओट्याचं तोंड उत्तरेला होतं आणि समोर माझं उघडं अंगण. त्यामुळं आभाळाचा सगळा उजेड थेट त्याच्या मेजावर उतरायचा. पाठ फिरवली की त्याचीच सावली घड्याळावर पडणार.

मग जागा बदलावी? ती कुठून आणायची? त्या वर्षांत त्याच्या समाजाच्या माणसाला भर बाजारात बसायला जागा देताना लोक दहा बहाणे काढत. सात ठिकाणी त्यानं विचारलं होतं. आठव्या ठिकाणी त्या किराणावाल्यानं हा कोपरा दिला. तो कोपरा सुटला असता तर त्याला घड्याळं बाजूला ठेवून पुन्हा दुसऱ्याच्या शेतावर जावं लागलं असतं, आणि मग त्या हातांचा काय उपयोग? हे सगळं मला नंतर कळलं. म्हणजे ठाऊक होतं, पण ध्यानात घेतलं नव्हतं. दोन्हींत फरक आहे.

माझं दुकान सुरू होऊन महिना झाला असेल. सुखदेव गल्ली ओलांडून आला, हात मागं बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्त्री, राग नका मानू. तुमच्या उजेडानं मले तरास होऊन राह्यला. डोयात खडे पडल्यावानी वाटते."

मी कामात होतो. वर न बघताच म्हणालो, "तं तिकडं काऊन पाह्यतं बे? आपलं घड्याळ पाह्य न!"

आजूबाजूची मंडळी खो खो हसली. तोही कसनुसा हसला आणि परत गेला. पुढं वर्षभर त्यानं त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, मिटलं. मी किती मूर्ख होतो हे आज लिहितानाही कानाला चटका बसतो. तो तिकडं पाहतच नव्हता. तो घड्याळाकडंच पाहायचा, उजेडच त्याच्याकडं जायचा.

पडद्याची खरी निकड मला सुखदेवनं नाही, एका पाटलांनी पटवली, हेही सांगून टाकतो. पाटील वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, जोडायला घेऊन आले. मी म्हटलं, "पाटील, तोंड फिरवा." ते म्हणाले, "वस्तू माही हाय. तिले तू काय करतं ते मले दिसलं पाह्यजे." आणि माझ्यापासून दोन हातांवर मांडी घालून बसले. डोळे मिटत नव्हते, जणू मी पास बदलूनच टाकणार होतो. काम झालं, पाटील खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी आला. पाटलांचे डोळे उघडत नव्हते, म्हणजे म्हणे त्यांच्यावर कुणीतरी मूठ मारली होती, गावात देवऋषी बोलावला होता, आणि कालपासून कुणाकुणाकडं गेलात याची यादी चालली होती. माझं नाव यादीत पहिलं! मी सायकल काढली, गाव गाठलं, आणि देवऋषीच्या लिंबांशेजारी बसून पाटलांच्या डोळ्यांवर बटाट्याचे गार काप ठेवले. दुसऱ्या दिवशी पाटील बरे झाले. देवऋषी म्हणाला लिंबांनी, मी म्हणालो बटाट्यानं. खरं तर दोघांनीही काही केलं नव्हतं, डोळ्याचं ते आपोआपच उतरतं.

त्या धसक्यानं मी पक्का पडदा केला. अँगलची चौकट, तिच्यात पत्रा, खाली जिनिंगच्या मोडक्या ढकलगाडीची चार चाकं. उंची पाच फूट. जमिनीपासून वीतभर जागा मोकळी ठेवली, कारण पडदा जमिनीला टेकवला तर धूर आत कोंडतो आणि वेल्डर खोकून मरतो. नवा पत्रा आतून आरशासारखा चमकायचा, उजेड उलटून माझ्याच कानामागून ढालीत शिरायचा. म्हणून आतल्या अंगाला जाड ताडपत्री लावली. ती आधी तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्यात दोन दिवस भिजवून वाळवली, म्हणजे ठिणगीनं काळी पडते पण पेट घेत नाही. हे मला मलकापूरच्या फिटरनं सांगितलं होतं. मग तिला सरस आणि काजळी फासून काळी केली. चकाकणारा काळा रंग नको, तोही उजेड फेकतो. मंद काळा हवा, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखा.

पडदा लागला, प्रेक्षक हळहळत पांगले. कुणी तक्रार करेना. सुखदेवही एकदा ओट्यावरून मान हलवून हसला. मी मिशीला पीळ दिला. आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात असा पडदा कुणाकडं नाही असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. कुणाकडं नव्हताही, कारण वेल्डिंगची दुकानंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि आली दिवाळी.

दिवाळीला दुकान रंगवायचं, ही आपली रीत. लोहार भट्टी सारवतो, किराणावाला फळ्या धुतो, मग मी का मागं राहू? कमलानं आणि मी मिळून कामाच्या जागेच्या तिन्ही भिंतींना पांढराशुभ्र चुना दिला, वर नीळ टाकली. भिंती अशा उजळल्या की कमला म्हणाली, "आता लक्ष्मी आली तं तिले वाट दिसन." मशीनला झेंडूची माळ घातली. पेरणीआधीची कामं निघाली होती, रब्बीच्या तिफणी, वखर, गाड्यांचे आस, यांची रांग लागली होती. चार दिवस मी सकाळपासून ठोकत होतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी माझे डोळे चुरचुरले. म्हटलं, चुना उडाला असेल. दुसऱ्या दिवशी किराणावाल्याच्या घरातले दोघे डोळे चोळत आले. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन येणाऱ्या कमलाचे डोळे लाल. मी पडदा तपासला. एक भोक नाही, एक फट नाही. पडदा जागच्या जागी, मग उजेड जातो कुठून?

चौथ्या दिवशी सुखदेवचं मेज रिकामं होतं.

मी किराणावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "डोया लई सुजला त्याचा. म्हनत होता, जागा सोडतो म्हून. उद्या सामान न्यायले येनार हाय."

सात ठिकाणी नकार घेऊन मिळवलेली जागा हा माणूस माझ्यामुळं सोडणार. आणि मी त्याला म्हणालो होतो, आपलं घड्याळ पाह्य. मी काम बंद केलं, मशीनची कळ खाली ओढली आणि त्याच्या खोलीवर गेलो.

तो डाव्या डोळ्यावर ओलं फडकं धरून बसला होता. मला पाहून उठायला लागला. मी म्हटलं, "बस न बे. उठतं काऊन? शिव्या दे मले, मंग उठ."

"शिव्या काऊन देऊ मिस्त्री? तुमचा धंदा हाय." तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "पन मिस्त्री, घड्याळजीचा डोया गेला तं त्याच्यापाशी राह्यते काय?"

मी त्याला सायकलवर बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, नीट पाहणारे. त्यांनी औषध घातलं, पट्टी बांधली आणि म्हणाले, "डोळा वाचेल. पण हे रोज झालं तर मी काही करू शकणार नाही." मग ते स्वतःशीच म्हणाले, "पण नवल आहे. डावा इतका सुजला, आणि उजव्याला काहीच कसं नाही?"

बाहेर आल्यावर मी सुखदेवला तेच विचारलं. "तू एक डोया मिटून काम करतं का?"

"नाही हो. एक मिटला तं दुसरा थकते. दोनी उघडे ठेवाचे, हे पह्यलं शिकवते उस्ताद. उजव्याले भिंग राह्यते, डावा नुसता उघडा."

मी सायकल उभी केली, रस्त्याच्या मधोमध. उजव्या डोळ्यावर भिंगाची काच, आणि तो तिखट उजेड साध्या काचेतूनही पार होत नाही, म्हणून तो वाचला. डावा उघडा, म्हणून तो सुजला. म्हणजे तो चुना नव्हता, धूर नव्हता, उजेडच होता. आणि पडदा धड असून उजेड गल्लीपलीकडं पोचत होता.

आम्ही तसेच दुकानात आलो. मी सुखदेवला त्याच्या ओट्यावर बसवलं, त्याच्या दोन्ही डोळ्यांवर फडकं बांधलं, आणि त्याच्या मेजावर एका घड्याळाचं चकचकीत झाकण माझ्या अंगणाकडं तोंड करून आरशासारखं ठेवलं. किराणावाल्याच्या हातात माझी जादा काळी काच दिली आणि तिच्यातून झाकणात बघायला त्याला उभं केलं. "झाकणात काय दिसते ते सांगा फक्त." आणि मी आत जाऊन एक ठोका मारला.

किराणावाला ओरडला, "पडद्यात काही नाही हो मिस्त्री! वर भित चमकते!"

मी ढाल खाली केली आणि वर पाहिलं. माझ्या हातानं चुना दिलेली, नीळ टाकलेली, लक्ष्मीला वाट दाखवणारी भिंत. माझी ठिणगी त्या भिंतीवर आदळत होती, आणि भिंत ती पाच फुटी पडद्यावरून उचलून सरळ सुखदेवच्या ओट्यावर टाकत होती. माझ्या ढालीतही मागून तीच शिरत होती. पडदा लावून मी दार बंद केलं होतं आणि भिंत पांढरी करून छप्पर उघडलं होतं. आईशप्पथ, मी तिथंच खाली बसलो आणि हसायला लागलो. सुखदेव डोळे बांधलेल्या अवस्थेत विचारतोय, "काय झालं, काय झालं?" किराणावाला त्याला सांगतोय. मग तोही हसायला लागला. पट्टीखालून पाणी वाहतंय आणि हा हसतोय.

भिंती काळ्या करायच्या हे तर झालं. पण घरी सांगितल्यावर कमला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवो, दिवाळीच्या हप्त्यात दुकान काळं करते का कोनी? लोकं काय म्हनतीन? दिवाळं निघालं म्हनतीन!"

"एका मानसाचा डोया चालला कमला."

तिनं कंबरेवरचे हात काढले आणि म्हणाली, "काजळी नाही फासाची. काळ्या मातीनं सारवते मी. सारवनाले कोनी वाईट म्हनत नाही."

बघा, मी मिस्त्री, पण अक्कल तिची. आमच्या रानातली काळी माती, तिच्यात शेण, वाळल्यावर मंद, गडद, चकाकी नावाला नाही. पेटत नाही, खर्च नाही, सणाला शोभणारं. दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि तिन्ही भिंतींवर हात फिरवला. मी तोवर पडदा वाढवला. पाचाचा आठ फूट केला. माझ्या मनातली धास्ती गेली नव्हती, म्हणून जरा जास्तच वाढवला. मग झाकणाची परीक्षा पुन्हा घेतली. झाकणात काही नाही. सुखदेवला निरोप गेला, आणि पट्टी सुटल्यावर तो मेजावर येऊन बसला.

मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण दोन दिवस मी पाहत होतो. हा घड्याळ उचलतो, डावीकडं धरतो, उजवीकडं धरतो, मान वाकवतो, पुन्हा ठेवतो. तिसऱ्या दिवशी मेज ओट्याच्या कडेला ओढून बसला, अर्धं गल्लीत. एक गाडी त्याला घासून गेली. मी जाऊन विचारलं, "आता काय दुखते?"

"काही नाही मिस्त्री. डोये झकास हायेत."

"मंग कडेले काऊन बसला?"

त्यानं हातातलं घड्याळ फडक्यानं पुसायला घेतलं. बोलणार कसा? मी त्याच्यासाठी एवढं केलं, आता पुन्हा तक्रार कशी करायची, हा त्याचा प्रश्न. शेवटी किराणावालाच म्हणाला, "त्याचा उजेड खाल्ला न तुमच्या पडद्यानं!"

खरंच की. आठ फुटी पडद्यानं माझं अंगण झाकलं, अंगणावरचं आभाळ झाकलं, आणि ज्या उजेडासाठी हा माणूस त्या कोपऱ्यात बसला होता तोच गेला. डोळे वाचले आणि दिसेनासं झालं! उंची कमी करावी तर मला धीर होईना. तशीच ठेवावी तर तो गाडीखाली जाईल, नाहीतर खरंच जागा सोडेल. मी कपाळाला हात लावला. त्या दिवशी आम्ही दोघं ओट्यावर बसून नुसता चहा पीत होतो, उपाय कुणालाच सुचत नव्हता.

उपाय चालून आला तो कमलाच्या हातातल्या बादलीतून. भिंतींना दिलेला चुना अर्धा उरला होता. ती माझ्याशी बोललीच नाही. सरळ पडद्याच्या बाहेरच्या अंगाला, गल्लीकडच्या पत्र्यावर, सपासप कुंचा मारायला लागली.

"हे काय चाललं?" मी ओरडलो.

"आतून तुमी म्हनलं तसं काळं केलं न? आता बाहीरून माह्या मनानं पांढरं करते. दिवाळीचं तोंड तरी दिसलं पाह्यजे गल्लीले. आन् चुना काय फेकून देऊ?"

मी काही बोलणार होतो, तेवढ्यात मागून सुखदेव म्हणाला, "मिस्त्री."

मी वळलो. त्याचं मेज उजळत होतं. कमलाचा कुंचा जसा वर जात होता, तसं मेज उजळत होतं. दिवाळीतलं दक्षिणेकडं कललेलं ऊन त्याच्या ओट्याच्या छपरावरून पडद्यावर पडत होतं, आणि पडदा ते सारं थंड करून त्याच्या मेजावर परत देत होता. त्यानं एक लेडीज घड्याळ उघडलं, भिंग लावलं, आणि बसल्या जागेवरून म्हणाला, "आधीपेक्षा चांगलं दिसून राह्यलं हो. वैनी, थांबू नका!"

कमला म्हणाली, "थांबते कोन?"

जो चुना आत लावला म्हणून त्याचा डोळा जाणार होता, त्याच चुन्यानं बाहेरून त्याला उजेड दिला. असा आमचा पडदा ठरला. आतून काळा, बाहेरून पांढरा, खाली वीतभर मोकळा. नंतर मी चिखली, लोणार, थेट मलकापूरपर्यंत दुकानदारांना पडदे करून दिले. प्रत्येकाला आधी एकच विचारायचो, "समोर कोन बसते?" लोक म्हणायचे, मिस्त्री, तुम्हाला पडदा करायचा की सोयरीक जुळवायची? पण समोर कोण बसतं, कशाकडं पाहतं, त्याला किती उजेड लागतो, हे कळल्याशिवाय मी पत्र्याला हात लावला नाही. आत काम करणाऱ्याचं तो स्वतः बघून घेतो.

सुखदेवची आणि माझी पुढं घट्ट दोस्ती झाली. पण त्या पहिल्या दिवशीच्या माझ्या बोलण्याची माफी मी बरीच वर्षं मागितली नाही. एकदा धीर करून मागितली, तर तो म्हणाला, "मले वाटलं तुमी इसरले." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मी बी नाही." मग त्यानं चहा मागवला.

दर दिवाळीला आमचा रिवाज पडून गेला. आत कमला काळ्या मातीनं सारवायची, बाहेर मी चुना द्यायचो, आणि सुखदेव ओट्यावरून झाकण धरून दोन्हींची परीक्षा घ्यायचा.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलानं हमरस्त्यावर मोठं वर्कशॉप काढलं. नवी यंत्रं, लाल रंगाचे तयार पडदे. गल्लीतलं जुनं दुकान मोडायचं ठरलं. मशीन गाडीत चढवत होतो तेव्हा सुखदेव गल्ली ओलांडून आला. हात तसेच मागं बांधलेले. मला एकदम तो पहिला दिवस आठवला. या वेळी मी काम सोडून त्याच्यासमोर उभा राहिलो.

"मिस्त्री, मशीन न्या, ऐरण न्या, समदं न्या. तो पडदा तेवढा ठेवता का?"

मी मुलाकडं पाहिलं. मुलगा म्हणाला, जागा आपलीच आहे, राहू द्या. पडदा राहिला. आता त्याच्या मागं वेल्डिंग नाही, काही नाही, नुसतं गवत. गल्लीत नवीन आलेली माणसं विचारतात, हा पत्रा इथं कशाला उभा केलाय?

कमला गेल्याला चार वर्षं झाली. चुना मात्र दर दिवाळीला मीच देतो. मागच्या दिवाळीला मुलगा रागावला, की या वयात शिडीवर चढता, पडलात म्हणजे? मी म्हटलं, एकच तर काम उरलंय. सकाळी गेलो, पूर्ण पडदा पांढरा केला, खाली उतरलो, मागं सरून पाहिलं. मला तर सगळं पांढरंच पांढरं दिसलं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, चष्मा असूनही कडा धूसर होतात.

सुखदेव मेजावर होता. त्यानं भिंग काढलं, मान वर केली आणि पंधरा फुटांवरून, चष्मा न लावता, नुसत्या डोळ्यांनी पडद्यावर नजर फिरवली. मग म्हणाला, "डाव्या अंगाले, वरच्या कोपऱ्यात, चार बोटं राह्यलं मिस्त्री."

मी शिडी परत लावली.